ज्या त्या सालचा हजेरीपट



"तू नक्की करतेस काय?" असं सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. विजेचा मीटर, वॉशिंग मशीन, गाडीचे ब्रेक अशा वस्तूंच्या पोटातही छोटा संगणक असतो. त्याचा प्रोग्रॅम मी लिहिते. याला एम्बेडेड सॉफ्टवेअर म्हणतात.

प्रोग्रॅम लिहिताना आम्ही प्रत्येक कामाला नाव देतो. पाणी मोजायचं असेल तर 'रीड लेव्हल', निरोप धाडायचा तर 'सेंड मेसेज'. ही नावं म्हणजे सिम्बॉल. चिपमध्ये मात्र फक्त आकडे उतरतात. नावं, आणि कोणता पत्ता प्रोग्रॅमच्या कितव्या ओळीचा ही माहिती, 'एल्फ' नावाच्या फाइलमध्ये आमच्याकडेच राहते.

यंत्र अडलं की ते नुसता पत्ता सांगतं: ०८०१२३४६. बाईंनी "तेवीस नंबर!" म्हणावं तसं. तेवीस नंबर कोण, हे हजेरीपट उघडल्यावर कळतं. एल्फ फाइल हा आमचा हजेरीपट. डीबगरला ती दिली की तो सांगतो, 'सेंड मेसेज', ओळ २१४.

पण हजेरीपट त्याच सालचा हवा. आठवीतला तेवीस नंबर नववीत दुसऱ्याच कोणाचा असतो. प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढली तरी पुढचे पत्ते सरकतात. जुन्या यंत्राचा पत्ता नव्या फाइलमध्ये शोधला तर उत्तर मिळतं, पण भलतंच. मग निरपराध पोराचा कान पिरगळला जातो. म्हणून प्रत्येक आवृत्तीला ओळखक्रमांक द्यायचा आणि तिची एल्फ फाइल जपून ठेवायची.

याची किंमत आपल्या गावाला चटकन कळेल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. समजा, अशा पुरात पातळी मोजणारं यंत्र मध्यरात्री सारखं बंद पडतंय. लॅपटॉप आणि केबल घेऊन तिथं जाता येत नाही. हातात असतो तो यंत्रानं शेवटी पाठवलेला एक पत्ता. बरोबर फाइल असेल तर कुठं अडलं ती ओळ मिनिटभरात दिसते. नसेल तर हजारो ओळी चाळत बसायचं, आणि तिकडं पाणी चढतच असतं.

शिरोली, गोकुळ शिरगावात कारखाने असलेले तुम्ही बरेच जण इथं आहात. मशिनसाठी कंट्रोलर बनवून घ्याल तेव्हा एवढंच विचारा: "या आवृत्तीची सिम्बॉलची फाइल कुठं ठेवलीय?" जमलं तर करारातच लिहून घ्या. बनवणारा उद्या गाव सोडून जाईल, मशिन तुमच्याकडेच राहणार आहे.

आमच्या सर-बाईंना मात्र हजेरीपट लागत नाही. आज इतक्या वर्षांनी त्यांनी नावानं हाक मारली, त्याबद्दल त्यांचे आभार.