तीन कंठ, एक मेळ

हिंदुस्थानी संगीतांत गवई एक असतो व तंबोरा त्याच्या पाठीशीं असतो. पाश्चात्य संगीताची तऱ्हा निराळी. तेथें अनेक कंठ एकाच क्षणीं भिन्न भिन्न स्वर लावतात आणि त्यांच्या मेळांतून गाणें उभें राहतें. या मेळाला हार्मनी म्हणतात. तिचें सामर्थ्य दाखविणारी एक ध्वनिमुद्रिका अमेरिकेंत १९६९ च्या मे महिन्यांत निघाली. तिचें नांव 'क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश'.

हे तिघेहि आधींच नांवाजलेले होते. डेव्हिड क्रॉस्बी याला 'बर्ड्स' या संचानें १९६७ सालीं काढून टाकलें होतें. स्टीफन स्टिल्स याचा 'बफेलो स्प्रिंगफील्ड' हा संच १९६८ सालीं मोडला. आणि इंग्लंडांतील 'हॉलीज' या संचांत ग्रॅहॅम नॅश याचें मन रमेनासें झालें होतें. त्याच वर्षीं लॉस एंजल्सच्या लॉरेल कॅन्यन भागांत एका स्नेह्याच्या घरीं क्रॉस्बी व स्टिल्स एक नवें गीत दोन सुरांत गात होते. नॅशनें तें पुन्हां म्हणावयास लावलें, आणि मग वरचा तिसरा सूर आपला मिळविला. संच तेथेंच जन्मास आला.

तंबोरा चोख जुळला म्हणजे कोणीं न छेडलेला गंधार त्यांतून ऐकूं येतो. कंठांचेंहि तसेंच आहे. प्रत्येक स्वराबरोबर सूक्ष्म उपस्वर उठतात. ते एकमेकांत मिसळले कीं तिघांपैकीं कोणाचाच नव्हे असा जणूं चौथा आवाज कानीं पडतो. नॅशचा सूर वर, स्टिल्सचा खालीं, आणि मधली अवघड वाट क्रॉस्बीची. हा मधला सूर सहसा कोणाच्या लक्षांत राहत नाहीं. परंतु तो काढून घेतला तर सारी इमारत ढासळेल. 'हेल्पलेसली होपिंग' या गीतांत साथीला गिटारीवांचून फारसें कांहीं नाहीं, म्हणून हें तेथें स्पष्ट कळतें.

संचाला नांव मात्र त्यांनीं आपल्या आडनांवांचेंच दिलें. कोणी निघून गेला तर त्याच्यावांचून तें नांव चालूं नये, हा हेतु. म्हणजे फुटीची धास्ती पहिल्या दिवसापासूनच होती, आणि ती खरी ठरली. भांडणें व समेट यांत वर्षें गेलीं. २०१५ नंतर तिघे एकत्र गाइले नाहींत, आणि २०२३ च्या जानेवारींत क्रॉस्बी निवर्तला. कंठांना जें साधलें तें स्वभावांना साधलें नाहीं. तरीहि ती ध्वनिमुद्रिका लावली कीं, तिघेहि आपापला आवाज आवरून दुसऱ्याला वाट देत असलेले ऐकूं येतात.