ज्वरानंतरची सांधेदुखी व सुईचा उपचार

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



मागील संमेलनास आम्ही येऊ शकलो नाही. त्या गैरहजेरीचे कारण हाच आजच्या भाषणाचा विषय व्हावा, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आम्ही मॅट्रिक होऊन शाळेत लागलो व खडू हाती धरूनच निवृत्त झालो; वैद्यकशास्त्रात आम्हांस अधिकार नाही. परंतु जे देहाने सोसले, ते सांगण्यास पदवी लागत नाही.

2024 च्या भाद्रपदात मूल तालुक्यातील आमच्या घरी एकाच आठवड्यात दोघांना चिकनगुनियाचा ताप आला. एक आम्ही, आणि दुसऱ्या आमच्या धाकट्या सूनबाई. हा रोग प्रथम 1952 साली पूर्व आफ्रिकेतील आजच्या टांझानियात ओळखला गेला. तेथील माकोंडे भाषेतील 'वाकवून टाकणारा' अशा अर्थाच्या शब्दावरून त्यास हे नाव मिळाले. आपल्या राज्यात 1973 साली बार्शीस त्याची मोठी साथ आली होती. पुढे बरीच वर्षे तो दिसेनासा झाला व 2006 साली पुन्हा सर्वत्र पसरला. साठविलेल्या पाण्यात वाढणारा आणि दिवसा चावणारा एडिस डास त्याचा प्रसार करतो.

ताप पाच दिवसांत उतरला, सांधे मात्र धरले ते धरलेच. सकाळी मूठ मिटेना, तांब्या उचलवेना, पाटावर बसलो तर उठण्यास आधार लागे. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितले की, हे दुखणे पुष्कळांचे काही आठवड्यांत जाते, काहींचे मात्र महिनोन्‌महिने रेंगाळते. वेदनाशामक गोळ्यांनी पोट बिघडले. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने बिब्बा लावला, तर गुडघ्यावर फोड उठले. पाहुणे म्हणत, "गुरुजी, ताप तर केव्हाच गेला!" जे दुखणे दिसत नाही त्यावर लोकांचा विश्वास बसत नाही, हे त्या दिवसांत कळले.

तेव्हा नागपूरच्या भाच्याने ॲक्युपंक्चर सुचविले. ही चीन देशाची प्राचीन विद्या. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले व 1942 साली तेथेच निवर्तले, त्याच पथकातील कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये ही विद्या शिकून ती भारतात आणली. शरीरातील 'ची' नामक शक्तीच्या मार्गांवर ठरलेल्या ठिकाणी केसासारख्या बारीक सुया टोचावयाच्या, अशी ही पद्धती आहे. त्या टोचण्याने मज्जातंतू चेतून शरीरातील वेदनाशामक द्रव्ये स्रवत असावीत, असे आधुनिक शास्त्रज्ञ म्हणतात.

प्रथम आम्ही एका शिबिरात गेलो. तेथे एका रुग्णाच्या अंगातून काढलेली सुई पुसून दुसऱ्यास टोचताना पाहिली आणि तसेच उठून बाहेर आलो. अशा सुईतून कावीळ व एड्ससारखे रोग पसरू शकतात. आपल्या राज्याने 2015 च्या कायद्याने या चिकित्सकांच्या नोंदणीची व्यवस्था केली आहे. म्हणून नोंदणी विचारावी, आणि निर्जंतुक सुईचे पाकीट आपल्या डोळ्यांसमोर फोडावयास सांगावे. यात संकोच नसावा.

पुढे नागपुरास एका नोंदणीकृत चिकित्सकाकडे, भाच्याच्या घरी मुक्काम करून, पाच आठवड्यांत दहा बैठका घेतल्या. मुंगी चावल्यासारखे वाटे, मग तेथे जडपणा येई. झोप सुधारली, सकाळचा आखडलेपणा दोन तासांवरून अर्ध्या तासावर आला. उजव्या हाताचे एक बोट अद्याप वाकत नाही. हा गुण सुईचा, काळाचा की डॉक्टरांनी शिकविलेल्या व्यायामाचा, हे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. गुडघेदुखी व पाठदुखीवर मोठ्या चाचण्या झाल्या आहेत. त्यांत सुई घेणाऱ्यांना न घेणाऱ्यांपेक्षा आराम पडला. परंतु खरी सुई आणि नुसता सुईचा देखावा यांच्या परिणामांत अंतर थोडेच आढळले. म्हणून हा उपचार जोडीला घ्यावा, डॉक्टर सोडून नव्हे. अंगात ताप असताना तर सुईकडे मुळीच धावू नये. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत हिवताप आहे, तेव्हा आधी रक्त तपासावे. गरोदर स्त्रियांनी व रक्त पातळ होण्याची औषधे घेणाऱ्यांनी ते आधी सांगावे.

आता खरी गोष्ट सांगतो. सहाव्या बैठकीनंतर आम्ही घरी आलो तेव्हा धानाची कापणी चालली होती. पडवीत ठेवलेल्या एका विळ्याच्या मुठीस जाड चिंधी गुंडाळलेली दिसली. विचारले, तेव्हा कळले की सूनबाईंची मूठ मिटत नाही, म्हणून मूठ जाड करून त्या तीन आठवडे बांधीत राबत होत्या. "सांगितले का नाही?" असे आम्ही म्हणताच त्या खाली मान घालून म्हणाल्या, "मामाजी, ताप त गेला न, मंग दुखते म्हणून कोणाले सांगू?"

पाहुण्यांच्या ज्या शब्दांनी आम्ही दुखावलो होतो, तेच शब्द आमच्या घराने एका मुलीच्या मनात बिंबविले होते. एकाच आठवड्यात, एकाच तापाने दोघे पडलो. नागपूरची वाट मात्र एकालाच मिळाली. दुसऱ्या दिवशी विळा आम्ही काढून घेतला व त्यांना रुग्णालयात नेले. औषध व व्यायाम चालू झाले. उरलेली कापणी मुलांनी केली. सुई घ्यावयाची की नाही, हे त्यांचे त्यांनी ठरविले. त्यांनी घेतली नाही, आणि चार-सहा महिन्यांत त्याही सावरल्या.

बंधूंनो, सुईने गुण येईल वा न येईल. परंतु साथ येऊन गेलेल्या प्रत्येक घरात आज परत गेल्यावर एक प्रश्न अवश्य विचारावा: "तुझे अजून काही दुखते काय?" आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे.