पडद्यावरचे ‘नरभक्षक’ आणि आपले वार्तापत्र
(तरुण संघाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मला विषय दिला आहे ‘सिनेमा आणि आदिवासी’. मी आज ज्या सिनेमांबद्दल बोलणार आहे ते तुम्ही पाहावेत असे मी मुळीच म्हणणार नाही. पण आपल्या वसतिगृहातल्या एका पावरा मुलाने त्यातली एक क्लिप मोबाइलवर पाहिली आणि मला विचारले, “सर, रानातली माणसं माणसं खायची हे खरं आहे का?” मुलगा स्वतः सातपुड्यातल्या पाड्यावरचा. त्याच्या प्रश्नाला ‘असले काही पाहू नकोस’ एवढे उत्तर पुरत नाही.

१९७२ पासून पुढची दहाएक वर्षे इटलीत कमी पैशांत जंगलातले भयपट काढण्याची लाट आली होती. गोष्ट ठरलेली. गोरा माणूस जंगलात जातो, तिथले लोक त्याला पकडतात, पुढे कापाकापी. त्याआधी १९६२ साली ‘मोंदो काने’ नावाचा माहितीपट खूप चालला होता. जगभरच्या विचित्र चालीरीती दाखवतो असे सांगून त्यात खरे आणि रचलेले सरमिसळ केले होते. तिथून धंदेवाल्यांना वाट सापडली. उंबेर्तो लेंझी याने १९७२ साली थायलंडच्या जंगलात असा पहिला सिनेमा काढला. १९७८ साली सेर्जो मार्तिनो याने न्यू गिनीतल्या नरभक्षकांची गोष्ट सांगितली आणि तिचे बरेचसे चित्रण श्रीलंकेत केले. म्हणजे जंगल कुठलेही चालते, माणसेही कुठलीही चालतात. अंगाला रंग फासला की झाले!

यातला सर्वांत गाजलेला सिनेमा १९८० सालचा, रुजेरो देओदातो याचा ‘कॅनिबल होलोकॉस्ट’. त्यात एक चित्रपथक ॲमेझॉनमध्ये नाहीसे होते आणि मागे त्यांनी काढलेली रिळे सापडतात. ही रिळे इतकी खरी वाटली की इटलीत सिनेमा जप्त झाला. कलाकारांना खरोखर मारले असा दिग्दर्शकावर आरोप आला आणि ते जिवंत आहेत हे त्याला दाखवून द्यावे लागले. माणसे जिवंत होती. पण कासव, माकड, डुक्कर यांना कॅमेऱ्यासमोर खरेच मारले होते. त्या सिनेमाचे चाहते म्हणतात, यात शहरी माणूसच खरा रानटी दाखवला आहे. गोष्टीत तसे आहे हे खरे. पण तिकीट विकले गेले ते आदिवासींच्या तोंडाला रक्त लावून, आणि हा बचाव मला पटत नाही.

मला जास्त खटकते ती आणखी एक गोष्ट. त्या सिनेमात जमातींची नावे खरी घेतली आहेत. त्यातले एक नाव यानोमामी. हे लोक ब्राझील आणि व्हेनेझुएलाच्या सीमेवर राहतात. सिनेमा मात्र तिथून शेकडो किलोमीटर दूर, कोलंबियातल्या लेतिसिया गावाच्या आसपास, दुसऱ्याच आदिवासींना घेऊन काढला. कुणी यानोमामींना विचारले नाही.

मग त्या मुलाला काय सांगायचे? यानोमामी लोक माणसांची शिकार करून खात नाहीत. त्यांच्यात माणूस गेला की त्याचे दहन करतात, हाडांची राख करतात आणि ती केळ्याच्या कढणात मिसळून जवळचे नातलग पितात. आपला माणूस एकटा मातीत पडू नये, आपल्यात राहावा म्हणून. तुम्हाआम्हाला ते वेगळे वाटेल. पण तो शोक आहे, शिकार नव्हे.

‘कॅनिबल’ हा शब्दच कोलंबसाच्या प्रवासातून आला, कॅरिब लोकांच्या नावावरून. १५०३ साली स्पेनच्या इसाबेला राणीने हुकूम काढला की जे नरभक्षक आहेत त्यांना गुलाम करायला हरकत नाही. मग कुठल्या बेटावर नरभक्षक निघाले असतील हे तुम्हीच ओळखा. यानोमामींच्या भूमीत १९८० च्या दशकात सोने शोधणारे हजारोंनी घुसले. १९९३ साली हाशिमू इथे त्यांनी सोळा यानोमामी मारले, त्यात लहान मुलेही होती. ब्राझीलच्या न्यायालयाने तो वंशसंहार ठरवला. हे सिनेमामुळे झाले असे मी म्हणत नाही, सोन्यामुळे झाले. पण ज्यांना जगाने अर्धे जनावर म्हणून पाहिले, त्यांच्यासाठी ओरडणारे थोडेच असतात.

आणि आपण ख्रिस्ती लोकांनी तर हे विसरूच नये. दुसऱ्या शतकात रोमी लोक आपल्याच पूर्वजांबद्दल हेच बोलत होते. हे लोक दार लावून जमतात, मांस आणि रक्त म्हणून काही खातात-पितात, म्हणजे मुले मारून खात असणार! प्रभुभोजनाची ही वार्ता बाहेर अशी पोहोचली होती. इ. स. १७७ मध्ये लिओंच्या मंडळीचा छळ झाला तेव्हा हा आरोप होताच. अथेनागोरस, तेर्तुल्यन यांना त्यावर लिहून उत्तर द्यावे लागले.

आता थोडे घरचे. दात्यांना जाणाऱ्या पत्रकांत, मी सर्वच संस्थांबद्दल बोलतो आहे, ‘अंधारात खितपत पडलेले’, ‘रानटी अवस्थेतले’ असे शब्द अजून येतात. सोबत उघड्या, शेंबड्या लेकराचा फोटो. त्याच्या आईला विचारलेले नसते. हेतू चांगला असतो, मदतही खरी पोहोचते. पण फोटो कुठला निवडायचा, हे आपण ज्या नजरेने ठरवतो ती त्या इटालियन कॅमेऱ्याच्या फार लांबची आहे का? आपल्या पाड्यावरची बाई डोंगरउतारावर ज्वारी घेते, महूची फुले वेचते, बचत गटाचा हिशेब ठेवते. तो फोटो दिला तर देणगी कमी येईल अशी भीती काहींना वाटते. मला आपल्या दात्यांवर त्याहून जास्त भरवसा आहे.

म्हणून एक सुचवतो. वार्तापत्राच्या पुढच्या अंकाच्या फोटोंसाठी मी सोमवारी पाड्यावर जाणार आहे. तरुण संघातले दोघे बरोबर आले तर बरे होईल. कॅमेरा आपला असेल. कोणते फोटो छापायचे आणि खाली काय लिहायचे, ते पाड्यावरची मंडळी बसून सांगतील. तो प्रश्न विचारणारा मुलगा सुट्टीत घरी आहे. लिहून घ्यायचे काम त्याने घेतले आहे.