स्त्रियांचा उच्च रक्तदाब : न दिसणारे देणे
(वार्षिक सभेतील प्रशासकांचे भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु उच्च रक्तदाबाचे स्वरूप मला थकलेल्या देण्यासारखे वाटते. ते वर्षानुवर्षे निमूटपणे साठते आणि पक्षाघात, हृदयविकार वा मूत्रपिंडाच्या विकाराच्या रूपाने एकदम वसुलीस येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरील सुमारे २१ टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा त्या त्यासाठी औषध घेत होत्या.

वाढते वय, आनुवंशिकता, स्थूलता, मधुमेह ही कारणे स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहेत. स्त्रीच्या बाबतीत त्यांत भर पडते. गरोदरपणी विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब वाढल्यास माता व बालक दोघांच्याही जिवाला धोका संभवतो. प्रसूतीनंतर तो उतरला तरी पुढील आयुष्यात पुन्हा उद्भवण्याची शक्यता अधिक असते. काही गर्भनिरोधक गोळ्यांनीही तो वाढू शकतो. रजोनिवृत्तीनंतर तर हे प्रमाण लक्षणीय वाढते.

सोलापुरात हा विषय निघाला की आपल्या विडी कामगार भगिनी डोळ्यांपुढे येतात. दिवसभराचे बैठे काम, तंबाखूची धूळ, कित्येकींना मिश्रीची सवय. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. त्यामुळे तपासणीत गेलेला वेळ म्हणजे बुडालेली मजुरी. घरातील सर्वांची दुखणी निस्तरल्यावर तिची पाळी येते. पुढे बरे वाटू लागले की गोळीही बंद होते. वस्तुतः बरे वाटते ते त्या गोळीमुळेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरेसे आहे, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा. शेंगाचटणी, पापड व लोणच्यातील मीठही त्यातच धरावे.

कुटुंबीयांना माझी विनंती आहे : घरातील प्रत्येक प्रौढ स्त्रीचा रक्तदाब वर्षातून एकदा तरी मोजून घ्यावा. मोजण्यापूर्वी तिला पाच मिनिटे शांत बसू द्यावे. आकडा वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक आला, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. औषध स्वतःहून थांबवू नये.

देणगीदारांनाही एक निवेदन. इमारतीवर दात्याचे नाव कोरता येते, गोळ्यांच्या पाकिटावर येत नाही. तथापि डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा येणाऱ्या रुग्णाचा खर्च मांडून पाहिला, तर वेळेवर दिलेल्या गोळीइतके किफायतशीर दान क्वचितच आढळेल. ते दान आपण द्यावे, ही प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.