चाप हलका नव्हे, निर्दोष हवा

(नेमबाजीकडे वळलेली पुण्यातील मुले-मुली आणि त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



२२ ऑगस्ट २०१८. इंडोनेशियातील पालेमबांग येथे आशियाई क्रीडा स्पर्धेतील महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकाराची अंतिम फेरी. कोल्हापूरची राही सरनोबत आणि थायलंडची नफास्वान यांगपायबून या दोघींचे गुण अखेरीस समसमान झाले, ३४-३४. निर्णयासाठी आणखी पाच-पाच गोळ्या झाडण्यात आल्या. पुन्हा बरोबरी, ४-४. आणखी पाच गोळ्या, आणि या वेळी राही ३-२ अशी सरस ठरली. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्णपदक मिळविणारी ती पहिली भारतीय महिला.

दोघींच्या हाती उत्तम पिस्तूल होते. दोघींची दृष्टी, श्वास आणि सराव जागतिक दर्जाचा होता. अंतर पडले ते केवळ एका गोळीचे. आणि गोळी सुटण्याचा क्षण ज्याच्या स्वाधीन असतो, तो तर्जनीखालचा बोटभर लांबीचा धातूचा तुकडा म्हणजे चाप, आजच्या भाषेत ट्रिगर. आजचा विषय हाच आहे.

नव्याने या खेळात आलेल्या मुलाची पहिली तक्रार बहुधा एकच असते, ‘चाप जड आहे.’ पालकांचा पहिला विचारही ठरलेला असतो, तो हलका करून घ्यावा किंवा अधिक महागडे पिस्तूल मागवावे. या दोन्ही उपायांच्या मुळाशी एक गैरसमज आहे. तो वेळीच दूर झाला नाही, तर पैसा वाया जातो आणि खेळाडूची उमेदीची वर्षेही वाया जातात.

चापामागे काय घडते?

२५ मीटर स्पर्धेत .२२ व्यासाचे, पाच गोळ्यांचे अर्ध-स्वयंचलित पिस्तूल वापरतात. ‘अर्ध-स्वयंचलित’ याचा अर्थ असा की गोळी सुटताच तिच्याच जोराने मागचा सरकता भाग मागे जातो, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते, हातोडी पुन्हा ताणली जाते आणि पुढची गोळी नळीत बसते. मात्र प्रत्येक गोळीसाठी चाप नव्याने ओढावा लागतो.

ताणलेली हातोडी एका छोट्या पोलादी अडसरावर टेकलेली असते. त्याला ‘सिअर’ म्हणतात. चाप ओढला की हा अडसर सरकतो, हातोडी मोकळी होते आणि काडतुसावर आघात होतो. चापाचा हा प्रवास तीन टप्प्यांचा असतो. आरंभीची मोकळी ओढ, मग अडसर सुटेपर्यंतचा ताण आणि सुटल्यानंतरचा उरलेला प्रवास. ताणाच्या टप्प्यात चाप घासत, अडखळत सरकला, तर नेमका क्षण कळत नाही आणि बोट अधीर होते. सुटल्यानंतर चाप फार मागे गेला, तर गोळी नळीबाहेर पडण्यापूर्वीच पिस्तूल हलण्याचा संभव असतो.

हे हलणे किती महाग पडते, त्याचे गणित शाळकरी मुलालाही मांडता येईल. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या माशीतील अंतर नियमानुसार जास्तीत जास्त २२० मिलिमीटर. लक्ष्य २५ मीटरवर. चाप ओढताना या दोन माश्यांची रेषा एका मिलिमीटरने जरी ढळली, तरी लक्ष्यावर गोळी सुमारे ११४ मिलिमीटर दूर जाते. अचूकतेच्या फेरीत दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ५० मिलिमीटर. म्हणजे हातातील एका मिलिमीटरची चूक दहाच्या घरातून थेट सहाच्या घरात नेऊन टाकते.

एक हजार ग्रॅमची मर्यादा

मग चाप अगदी हलकाच का करू नये? पहिले उत्तर नियमाचे आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २५ मीटर पिस्तुलाचा चाप किमान १,००० ग्रॅम वजन पेलणारा हवा. १० मीटर एअर पिस्तुलासाठी ही मर्यादा ५०० ग्रॅम आहे. तपासणीच्या वेळी पिस्तुलाची नळी उभी धरून चापाला वजन लावतात. ते उचलले जाण्याआधी चाप सुटला, तर पिस्तूल नापास. स्पर्धेनंतरही तपासणी होते आणि तीत दोष आढळला, तर खेळाडू बाद ठरतो. मर्यादेच्या अगदी काठावर बेतलेला चाप झिजेमुळे केव्हा खाली उतरेल, याचा भरवसा नसतो. म्हणून जाणकार प्रशिक्षक थोडे वजन राखून ठेवतात.

दुसरे उत्तर सुरक्षिततेचे आहे आणि ते अधिक गंभीर आहे. चाप हलका करण्याच्या हव्यासाने हातोडी आणि अडसर यांची पकड घासून कमी केली, तर सरकता भाग आपटल्याच्या धक्क्यानेच हातोडी सुटू शकते. चाप एकदा ओढावा आणि गोळ्या दोन सुटाव्यात, असा तो प्रकार. दुसरी गोळी सुटते तेव्हा नळीचे तोंड कोठे असेल, हे कोणी सांगावे? एका मोहापायी शेजारच्या खेळाडूचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार कोणालाही नाही. शस्त्राची दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच व्हावी, हा १९५९ च्या शस्त्र कायद्याचा दंडक आहे. घरच्या कानशीने हे काम करणे धोक्याचे तर आहेच, शिवाय तो गुन्हाही आहे.

खरी सुधारणा कोणती?

चापाची सुधारणा म्हणजे त्याचे वजन घटविणे नव्हे, तर प्रत्येक वेळी तो तसाच सुटेल अशी व्यवस्था करणे. स्पर्धेच्या पिस्तुलात यासाठी मुळातच स्क्रू दिलेले असतात. मोकळी ओढ किती असावी, ताण किती असावा, सुटल्यावर चाप कोठे थांबावा आणि बोटापासून किती अंतरावर असावा, हे सारे उत्पादकाने आखलेल्या मर्यादेत जुळविता येते. एका वेळी एकच बदल करावा, तो वहीत नोंदवावा आणि काही दिवसांच्या सरावानंतरच पुढचा विचार करावा. चार स्क्रू एकाच दिवशी फिरविणाऱ्याला नेमके काय सुधारले आणि काय बिघडले, हे कधीच उमगत नाही.

याहून साधी गोष्ट स्वच्छतेची. .२२ च्या गोळीत शिसे आणि दारूची काजळी पुष्कळ. ती साचली की उत्तम चापही अडखळतो. खंडेनवमीला शस्त्रे पुसून, तेल देऊन त्यांची पूजा करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. नेमबाजाची खंडेनवमी वर्षातून एकदा नसते, ती प्रत्येक सरावानंतर असते. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली मनू भाकर हिच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला. मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी हुकली. तीच मनू २०२४ साली पॅरिसहून दोन कांस्यपदके घेऊन परतली. यंत्र दगा देऊ शकते, म्हणून त्याची निगा राखायची. पण विसंबायचे ते स्वतःच्या हातावर.

बोटाचे शिक्षण

वेगाच्या फेरीत लक्ष्य तीन सेकंद समोर येते आणि सात सेकंद दूर होते. खाली झुकलेला हात उचलायचा, नेम धरायचा आणि गोळी झाडायची, तीही एकच, हे सारे तीन सेकंदांत. हात वर येतानाच मोकळी ओढ संपलेली असते आणि नेम स्थिरावत असताना ताण वाढत जातो. येथे चापाला हिसका देणारा हरतो. चापावर बोटाच्या पहिल्या पेराचा मध्य टेकवून, मनगट आणि मूठ यांचा दाब न बदलता, सरळ मागे ओढण्याची सवय हजारो आवृत्त्यांनीच अंगी बाणते. रिकाम्या पिस्तुलाने, पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहून केलेला सराव त्यासाठी सर्वोत्तम. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री दोनदा करावी आणि .२२ चा आघात रिकाम्या नळीच्या कडेवर बसू नये म्हणून कोऱ्या सरावाची सोय वापरावी. या सरावाला गोळीचा खर्च नाही. खर्च होतो तो चिकाटीचा.

२०१८ साली राहीच्या प्रशिक्षक असलेल्या मुंखबायार दोर्जसुरेन यांचेच उदाहरण पाहावे. याच २५ मीटर प्रकारात त्यांनी १९९२ साली बार्सिलोनाला मंगोलियासाठी ऑलिंपिक कांस्यपदक मिळविले आणि २००८ साली बीजिंगला जर्मनीसाठी. मध्ये सोळा वर्षे गेली, देश बदलला, पण बोटाची शिस्त टिकली.

पुण्याला या खेळाची परंपरा आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले. २००८ साली पुण्यातच भरलेल्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेत राहीने सुवर्णपदक मिळविले. खडकीच्या अनिसा सय्यद हिने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे वैयक्तिक सुवर्ण पटकावले आणि राहीसह जोडीचेही. या मुलींना हजार ग्रॅमच्या नियमातून कोणी सूट दिली नव्हती. त्यांनी बोटालाच हजार ग्रॅमचे वळण लावले.

म्हणून पालकांनो, मुलाने ‘चाप जड आहे’ म्हटले, तर तत्काळ पाकिटाकडे हात नेऊ नका. पिस्तूल जाणकाराकडून तपासून घ्या, ते स्वच्छ आहे का पाहा, आणि मग त्या मुलाला विचारा, या आठवड्यात भिंतीसमोर किती वेळ उभा राहिलास? आणि तरुण मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर तुमच्यापाशी तयार असू द्या. चाप निर्दोष करणे हे कारागिराचे काम आहे. तो निर्दोषपणे ओढणे हे तुमचे. ते काम दुसरा कोणीही करून देऊ शकत नाही.