दंडाचा धनी



ज्याने उभ्या आयुष्यात एकही गोल केला नाही आणि ज्याची लेखणी निकालपत्रांच्या सरहद्दीपलीकडे क्वचितच गेली, अशा एका निवृत्त जिल्हा न्यायाधीशाला क्रीडालेखकांच्या व पंचांच्या या संयुक्त संमेलनाचे अध्यक्षपद देण्यात आपण कोणता विचार केला, असे मी स्वागताध्यक्षांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “आपण शिट्टीही वाजविली आहे आणि सजाही फर्माविली आहे, दोन्ही करून सुखरूप राहिलेला दुसरा मनुष्य आमच्या पाहण्यात नाही.” सुखरूप राहिलो हे खरे, निर्धास्त मात्र राहिलो नाही, आणि त्या अस्वस्थतेचाच हिशेब आज आपल्यापुढे रुजू करणार आहे.

वकिलीच्या उमेदवारीत, पक्षकारांची वाट पाहण्यात दिवस जात असता, मी मुंबईत पावसाळी सामन्यांना रेफरी म्हणून उभा राहत असे. अशाच एका सामन्यात, चिखलाने दोन्ही संघांचे गणवेश एकाच रंगाचे करून टाकलेले असताना, एका खेळाडूने प्रतिस्पर्ध्याच्या पोटरीवर लाथ मारली आणि मी मैदानाबाहेर काढले ते त्याच्या धाकट्या भावाला. दोघे एकाच संघात, एकाच चणीचे. सामन्यानंतर चूक उघड झाली, मी लेखी कबुली दिली, कमिटीने निलंबन रद्द केले आणि कागदोपत्री प्रकरण निकालात निघाले. परंतु त्या संघाचे वयोवृद्ध चिटणीस, जे गिरणीत जॉबर होते, मला वाटेत गाठून म्हणाले, “साहेब, पोराची सजा तुम्ही मागं घेतलीत, उपकार झाले. पण अर्धा तास आम्ही दहाच जण खेळलो. तो अर्धा तास आता कुणाकडं मागायचा?”

पुढे पंचवीस वर्षे न्यायासनावर बसून मी अनेकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. या प्रश्नाला दिले नाही.

व्यावसायिक फुटबॉलमधील शिक्षा न्याय्य आहेत काय, या वादात आपण बहुधा वजनकाटा घेऊन बसतो: अमक्याला चार सामने पुरेत, तमक्याला आठ हवेत, या दंडाची रक्कम त्या खेळाडूच्या आठवड्याच्या पगारापुढे किरकोळ आहे. माझ्या मते शिक्षा जड की हलकी, हा दुय्यम मुद्दा होय. मूळ मुद्दा असा की, दंड भरला जातो तेव्हा तो कोणाच्या पदरात पडतो. आणि या खेळाची दंडसंहिता चाळली असता जवळजवळ प्रत्येक पानावर असे आढळते की, तो भलत्याच्याच पदरात पडतो.

२ जुलै २०१० रोजी जोहान्सबर्ग येथे झालेला उरुग्वे आणि घाना यांचा उपांत्यपूर्व सामना आपल्यापैकी बहुतेकांना स्मरत असेल. बरोबरी एक-एक अशी होती, जादा वेळही संपत आला होता, आणि घानाच्या खेळाडूने डोक्याने मारलेला चेंडू गोलरेषा ओलांडण्याच्या बेतात असताना, गोलरक्षक नसलेल्या लुईस सुआरेझने तो दोन्ही हातांनी परतविला. कायद्याने आपले काम चोख केले: लाल कार्ड, पेनल्टी, पुढील सामन्याची बंदी, यांत कसूर कोठेच नाही. असामोआ ग्यानने मारलेली पेनल्टी आडव्या दांडीवर आदळून वर गेली, शूटआऊटमध्ये उरुग्वेने चार-दोन असा विजय मिळविला, आणि विश्वचषकाची उपांत्य फेरी गाठणारा पहिला आफ्रिकी देश होण्याचा जो मान घानाच्या हातातोंडाशी आला होता, तो पुढे बारा वर्षांनी मोरोक्कोला मिळाला. सुआरेझने शिक्षा भोगली, नाही असे नाही. उपांत्य सामन्यास तो मुकला. पण तो सामना होता नेदरलँड्सशी. अपराध घडला घानाविरुद्ध, आणि प्रतिपक्षाचा बिनीचा खेळाडू गैरहजर असल्याचा फायदा मिळाला डच संघाला, ज्याचे सुआरेझने काडीचेही वाकडे केले नव्हते. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात तो परत हजर होता. घानाचा संघ तोवर स्पर्धेबाहेर गेलेला होता.

चार वर्षांनी, ब्राझीलमधील नाताळ शहरात, याच खेळाडूने इटलीच्या किएलिनीच्या खांद्याचा चावा घेतला. रेफरीने तो पाहिला नाही, आणि काही मिनिटांतच उरुग्वेने गोल करून सामना जिंकला. मागाहून फिफाने नऊ आंतरराष्ट्रीय सामन्यांची बंदी, चार महिने फुटबॉलशी संबंधित सर्व कामकाजास मनाई आणि एक लाख स्विस फ्रँक दंड असा हुकूम काढला. इतका कडक की, खुद्द किएलिनीलाच तो जास्त वाटला. या कडकपणाचा लाभ कोणाला झाला म्हणाल, तर पुढच्या फेरीत उरुग्वेला दोन-शून्य असे हरविणाऱ्या कोलंबियाला. आणि भुर्दंड बसला बार्सिलोनाला, ज्या क्लबाने त्याला चाव्यानंतर विकत घेतले. दात इटलीच्या खांद्यावर उमटले, इटली घरी गेली. सुआरेझवर माझा वैयक्तिक रोष आहे असे कृपया समजू नये. साक्षीपुरावा त्याच्याच नावे अधिक आहे, याला माझा नाइलाज आहे.

आपल्या प्राचीन व्यवहारशास्त्राने या बाबतीत जो विवेक दाखविला, तो येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. याज्ञवल्क्याने आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त असे तीन अध्याय स्वतंत्र केले, आणि व्यवहाराध्यायात असा दंडक घातला की, चोराने नेलेले द्रव्य राजाने प्रजाजनास दिले पाहिजे. म्हणजे चोराला काय शासन करावयाचे हा राजाचा आणि चोराचा प्रश्न. ज्याचे घर लुटले गेले त्याची भरपाई हे राजावरचे निराळे ऋण, आणि एकाने दुसरे फिटत नाही. फुटबॉलच्या राजाने पहिले शिरावर घेतले आणि दुसऱ्याची नोंदच वहीतून काढून टाकली.

नोंद काढून टाकली असे मी म्हणतो, ते जाणूनबुजून. १८८२ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने असा नियम केला होता की, गोलात जाणारा चेंडू कोणी हेतुपुरस्सर हाताने अडविल्यास गोलच बहाल करावा. तो नियम अवघा एक हंगाम टिकला. रग्बीने मात्र या जातीची तरतूद आजतागायत राखली आहे. पुढे १८९१ मध्ये पेनल्टी आली, ती आयर्लंडमधील मिलफर्ड गावच्या विल्यम मॅक्रम नावाच्या गृहस्थाच्या सूचनेवरून, आणि हा गृहस्थ स्वतः गोलरक्षक होता. आपल्याच जमातीवर त्याने हे संकट ओढवून घेतले, याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. तेव्हाच्या प्रतिष्ठित हौशी खेळाडूंना ही सूचना मानहानीची वाटली, कारण सभ्य मनुष्य मुद्दाम आडवे येईल असे गृहीत धरणे, हाच त्यांच्या मते अपराध होता! पेनल्टी ही भरपाई खरी, पण ती पूर्ण नव्हे. ज्याचा रुपया बुडाला त्याच्या हाती आपण सोडतीचे तिकीट ठेवतो. सोडत बहुधा लागते, हे मान्य. घानाची लागली नाही.

उलट बाजूनेही अन्याय होत असे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. चेंडू हिसकावण्याच्या प्रामाणिक प्रयत्नात क्षणभर उशीर झालेल्या बचावपटूला पेनल्टी, लाल कार्ड आणि निलंबन अशी तिहेरी शिक्षा होई. २०१६ मध्ये नियम सौम्य होऊन अशा प्रसंगी पिवळे कार्ड पुरेसे ठरले. ही सुधारणा स्तुत्य आहे, आणि तीवरून हेही सिद्ध होते की, नियमकर्त्यांना हेतू आणि अपघात यांतला फरक कळतो.

ज्या अपराधाला शिक्षाच होत नाही, त्याविषयी काय बोलावे? १९८२ साली सेव्हिल येथील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात पश्चिम जर्मनीचा गोलरक्षक शूमाखर धावत येऊन फ्रान्सच्या बातिस्तोंवर आदळला. त्या तरुणाची शुद्ध हरपली, दात गेले, मणक्याला इजा झाली. रेफरी कॉर्व्हर यांनी फाऊलही दिला नाही. खेळ सुरू झाला तो शूमाखरच्याच गोलकिकने, आणि शूटआऊटमध्ये दोन फटके अडवून जर्मनीला अंतिम फेरीत नेले तेही त्यानेच. मी स्वतः रेफरी असल्यामुळे कॉर्व्हर यांना दोष देताना माझी जीभ अडखळते. त्यांच्यापाशी दोन डोळे होते. आज गोलरेषेवर यंत्र आहे आणि २०१८ पासून विश्वचषकात पडद्यावर पुन्हा पाहण्याची सोयही आहे, तेव्हा “नक्की गोल झाला असता की नाही, कोण सांगणार?” ही सबब आता पूर्वीइतकी चालणार नाही.

सामुदायिक शिक्षांची कथा तर याहून विचित्र आहे. आपल्या शेजारच्या गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर इंडियन सुपर लीगचा २०१५ चा अंतिम सामना गमाविल्यानंतर जे प्रकार घडले, त्यांबद्दल एफसी गोवा क्लबाला अकरा कोटींचा दंड आणि पुढील हंगामात पंधरा गुणांची कपात अशी सजा झाली. अपिलात गुणकपात रद्द झाली व दंड सहा कोटींवर आला. अपिलाची पायरी किती मोलाची असते, ते माझ्यासारख्यास वेगळे सांगावयास नको. पण ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने भारतीय महासंघालाच निलंबित केले, तेव्हा गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेल्या होत्या. कारण सांगितले गेले त्रयस्थाच्या हस्तक्षेपाचे. हा त्रयस्थ म्हणजे आमच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमलेली प्रशासकांची समिती! (हे वाचून माझ्यातला न्यायाधीश हसला की रागावला, ते मी सांगत नाही.) तकरार महासंघाच्या कारभाराची, त्या मुलींनी ना घटना लिहिली, ना निवडणूक लांबविली. दहा-अकरा दिवसांत निलंबन उठले. मुली तोवर एकही सामना न खेळता परतल्या होत्या.

आता कामकाजाकडे वळतो. उद्याच्या खुल्या अधिवेशनात माझ्या नावाने एक ठराव येईल. त्यात तीन मागण्या आहेत. गोलात निश्चितपणे जाणारा चेंडू गोलरक्षकाव्यतिरिक्त कोणी मुद्दाम हाताने अडविला आणि पडद्यावर तशी खात्री पटली, तर पेनल्टी नव्हे, गोलच द्यावा. निलंबनाच्या सामन्यांपैकी निदान एक, ज्या संघाविरुद्ध अपराध घडला त्याच्याशी होणाऱ्या पुढील सामन्यासाठी राखून ठेवावा. आणि दंडाच्या रकमेतून जखमी खेळाडूचा वाटा आधी काढून मगच उरलेली रक्कम खजिन्यात जमा करावी. दुसऱ्या मागणीवर आक्षेप येतील: खेळाडू क्लब बदलतो, बाद फेरीत तेच दोन संघ वर्षानुवर्षे समोरासमोर येत नाहीत. हे आक्षेप सबळ आहेत, आणि त्यांना माझ्यापाशी अर्धेच उत्तर आहे.

मसुद्यात चौथे कलम मी कोरे ठेवले आहे. रेफरीच्याच चुकीने ज्यांचा अर्धा तास गेला, त्यांना काय द्यावे, हे मला आजवर सुचलेले नाही. कोणा प्रतिनिधीस सुचल्यास त्यांनी ते उद्या सकाळी दहापर्यंत चिटणिसांकडे लेखी द्यावे.