पाळणाघराआधीची तयारी

घरातले सगळेच नोकरीला जात असतील, तर दिवसभर कुत्र्याला पाळणाघरात ठेवायची सोय आता पुण्या-मुंबईत आहे. पण तिथं सोडण्याआधी त्याला थोडं शिकवायला हवं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हाक मारली की येणं. खेळता खेळता दोन कुत्री अचानक ताठरली, एकमेकांवर नजर रोखून उभी राहिली, की सांभाळणारा हाक मारतो. त्या क्षणी आपलं कुत्रं मागं फिरलं, तर भांडण टळतं. हे घरातच शिकवा. नाव एकदाच घ्या; वळून आलं की लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा द्या. मग हाच सराव जिन्यात, नंतर इतर कुत्री असतील अशा मैदानावर, लांब दोरी बांधून करा. रागवायला मात्र कधीच हाक मारू नका. ते यायचंच बंद होईल. मारून शिकवणं तर साफ चूक आहे. भेदरलेलं कुत्रं चावू शकतं.

‘बस’, ‘थांब’, ‘सोड’ हे शब्द घरातल्या सगळ्यांनी सारखेच वापरावेत, आणि सांभाळणाऱ्यालाही सांगावेत.

रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टोच्या लशी झाल्यात ना, हे पशुवैद्यांकडून तपासून घ्या. पावसाळ्यात लेप्टोचा धोका वाढतो.

पहिल्या दिवशी तासाभरासाठीच सोडा. आणि गर्दीला बुजणारं कुत्रं आठवडाभरानंतरही तिथं जेवत नसेल, कोपरा धरून बसत असेल, तर हट्ट सोडा. त्याला सांभाळायला घरीच कुणीतरी बघा.